आधी इंजेक्शन, मग पोळे

गांधीलमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असलेला माणूस घरात असेल आणि त्याच घराच्या छज्ज्याखाली पोळे लागले असेल, तर दोन सल्ले हटकून मिळतात. पहिला, ते आजच्या आज जाळून टाका. दुसरा, माशी कोणाच्या वाटेला जात नाही, तुम्हीही तिच्या वाटेला जाऊ नका. हे दोन्ही सल्ले पोळ्याकडे बघून दिले जातात. ज्याच्या जिवावर बेतू शकते त्या माणसाकडे बघून कोणी देत नाही. पोळे काढायलाच हवे, यात शंका नाही. पण ते काढण्याच्याही आधी, दंश झालाच तर ॲड्रेनालिनचे इंजेक्शन त्या माणसाला किती मिनिटांत मिळेल, हे ठरवायला हवे. हा क्रम उलटला की सगळी धडपड चुकीच्या दिशेला जाते.

रायगड जिल्ह्यातल्या, पनवेलजवळच्या तळोज्यात हा प्रश्न नवा नाही आणि तुरळकही नाही. एका बाजूला सिडकोच्या फेज एक आणि दोनमधल्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला उरलीसुरली भातखाचरे, कासाडी नदीचा काठ आणि टेकड्यांची झाडी. माश्यांना अळ्या शेतात मिळतात आणि निवारा इमारतीत. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात, बॉक्स ग्रिलच्या वरच्या पट्टीला आणि कुलूपबंद फ्लॅटच्या खिडकीवर पोळी लागतात. बंद फ्लॅटची पोळी सर्वांत त्रासाची. मालक दुसऱ्या गावी असतो आणि माश्या मात्र शेजारच्या खिडकीतून आत शिरतात.

उपाय ठरवण्याआधी माशी ओळखली पाहिजे. मातीचा गोळा किंवा नळ्या भिंतीला चिकटवणारी कुंभारीण एकटी राहते. तिच्या घरट्याला राखण नसते, ती सहसा चावत नाही, आणि तिच्या मातीच्या घरासाठी फवारणी बोलावणे व्यर्थ आहे. कागदी पोळे वेगळे. करड्या रंगाचा, खालून उघड्या षट्कोनी घरांचा तो झुबका एका बारीक काळसर देठावर लोंबत असतो. लाकडाचे तंतू चावून, लाळेत मळून तो बनवलेला असतो. माणूस जवळ गेला की त्यावरच्या माश्या पंख उभारून एकाच दिशेला तोंड करतात. दक्षिण भारतात सर्रास आढळणारी रोपॅलिडिया मार्जिनाटा ही अशीच एक जात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांनी तिचा अनेक दशके अभ्यास केला. पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली मोठी गांधील पोकळ झाडात किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, आणि तिचा डंख अधिक जहाल असतो. मेणाचे पोळे दिसले तर ते मधमाश्यांचे. त्याचा विचार वेगळा. मधमाश्यांचे पोळे जाणकार मधपाळ हलवू शकतात, आणि पुण्यात १९६२ पासून असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या कामाचे प्रशिक्षण देते.

थंडीपर्यंत थांबा, पोळे आपोआप ओस पडेल, असेही काही जण सांगतात. हा सल्ला इंग्लंड-अमेरिकेतल्या हवामानातून आलेला आहे. तिथे हिवाळ्यात वसाहत मरते आणि फक्त राण्या उरतात. कोकणात तशी थंडी पडत नाही. रोपॅलिडियाची वसाहत वर्षभर चालू राहू शकते आणि नवे पोळे वर्षातल्या कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकते. तळोज्यातल्या घराने डिसेंबरची वाट पाहण्यात काहीच अर्थ नाही.

माशी वाटेला जात नाही, हे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. फुलावर किंवा पानावर फिरणारी एकटी माशी माणसाला टाळते. शिवाय या माश्या पिकांवरच्या अळ्या मारतात. दिसेल ते प्रत्येक पोळे उद्ध्वस्त करण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. शेताच्या बांधावर, माणसाच्या वावरापासून दूर असलेले पोळे राहू द्यावे. पण पोळ्यापाशी माशीचे वागणे बदलते. वाळत घातलेल्या कपड्यांची काठी लागली, एसीची थरथर वाढली, खिडकी जोरात आपटली, की तिच्या दृष्टीने हल्ला झालेला असतो. वाटेला न जाणे हे ड्राय बाल्कनीत शक्यच नाही, कारण ती वाट रोजचीच आहे.

जाळण्याचा सल्ला याहून घातक. रॉकेलचा बोळा काठीला बांधून पेटवायचा आणि पोळ्याला लावायचा, ही गावाकडची जुनी रीत. इमारतीत पोळ्याशेजारी एसीची वायर असते, वर प्लास्टिकचे पत्रे असतात, खाली दोरीवर कपडे असतात. पोळे जळते, पण त्याआधी उडालेल्या माश्या वाट फुटेल तिकडे जातात, आणि त्यात घराची उघडी खिडकीही आली. धूर करून माश्या शांत होतील ही समजूत मधमाशीवरून आली. धुराने मधमाशी पोळ्यातला मध पोटभर घेते आणि सुस्तावते. कागदी पोळ्यात मधाचा साठाच नसतो, त्यामुळे धुराचा तसा गुण इथे येत नाही. काठीने पोळे पाडणे किंवा पाण्याचा झोत मारणे यानेही माश्या मरत नाहीत, फक्त पेटून उठतात. मोठ्या गांधिलीच्या बाबतीत एक चिरडली तरी तिच्या विषातल्या गंधाने बाकीच्या चवताळतात. मधमाशीचा काटा एका दंशात तुटून राहतो. गांधील तोच डंख पुन्हापुन्हा मारू शकते.

आता माणसाकडे. गेल्या वेळी नुसता हात सुजला होता म्हणजे ॲलर्जी नाही, आणि हात सुजला म्हणजे पुढच्या वेळी मरणच, ही दोन्ही टोके चुकीची. दंशाच्या जागेभोवती मोठी सूज येऊन दोन-तीन दिवस राहणे ही स्थानिक प्रतिक्रिया. अशा माणसांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच पुढे सर्वांगाची प्रतिक्रिया येते. पण एकदा सर्वांगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, आवाज बसला, धाप लागली, ओकारी झाली किंवा भोवळ आली, तर हिशेब बदलतो. अशी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्या प्रौढाला पुढच्या दंशाने तीच येण्याची शक्यता साधारण ३० ते ६० टक्के धरतात. काही वेळा अंगावर एकही गांधी न उठता थेट रक्तदाब कोसळतो. पहिल्या दंशाने काही झाले नाही, म्हणून दुसऱ्यालाही होणार नाही, असेही नाही. पहिला दंशच पुष्कळदा शरीराला या विषाविरुद्ध भडकवून ठेवतो.

लोखंड घासणे, चुना लावणे, कांद्याचा रस, टूथपेस्ट, तुळशीची माती हे उपाय घरोघरी ठाऊक आहेत. विष आम्लधर्मी की अल्कधर्मी, यावर चुना की लिंबू, असा वादही होतो. विष त्वचेखाली गेलेले असते आणि काही मिनिटांत त्याची प्रतिक्रिया सर्व शरीरात चाललेली असते. वरून लावलेले काहीही तिथवर पोचत नाही. साध्या दुखण्याला बर्फ पुरे. तीव्र प्रतिक्रियेत मात्र या उपचारांनी हातची मिनिटे जातात. सेटिरिझिनची गोळी खाज आणि गांधी कमी करते, पण आवळलेला घसा उघडत नाही आणि रक्तदाब उचलत नाही. स्टेरॉइडला गुण यायला काही तास लागतात.

रायगड जिल्ह्यात आणखी एका गैरसमजाला जागा आहे. महाड-बिरवाडीत डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. त्या कामासाठी देशाने त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री दिली. लाल विंचवाच्या विषाने शरीरातच ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरचा त्यांचा परिणाम रोखते. गांधिलीच्या ॲलर्जीत नेमके उलटे. रक्तवाहिन्या सैल पडतात, श्वासनलिका आवळतात, आणि तिथे ॲड्रेनालिन हेच औषध असते. विंचू चावल्यावर जे केले तेच माशी चावल्यावर करू, असे म्हणणे म्हणून धोक्याचे. सर्पदंशासारखी प्रतिविषाची कुपीही गांधिलीसाठी नाही.

वेळेचा हिशेब कठोर आहे. ॲलर्जीने मृत्यू झालेल्या ब्रिटनमधल्या रुग्णांचा आर. एस. एच. पम्फ्री यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्यात कीटकदंशानंतर श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ १५ मिनिटांचा होता. तळोजे पाचनंदहून पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कामोठ्याचे एमजीएम गाठायचे तर मुंब्रा-पनवेल रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक आणि टँकर आडवे येतात. १०८ ची रुग्णवाहिका लगेच निघाली तरी पंधरा मिनिटांत ती दारात येईल, रुग्णाला घेईल आणि पोचवेल, असा भरवसा कोणी धरू नये.

म्हणून औषध घरातच हवे. परदेशात ॲड्रेनालिनची आपोआप टोचणारी पेनसारखी सुई मिळते. भारतात ती औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेली ॲड्रेनालिनची कुपी मात्र स्वस्त आहे आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरांनी माणसाच्या वजनानुसार डोस कागदावर लिहून द्यावा आणि घरातल्या दोघांना तरी कुपी फोडून, सिरिंज भरून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर टोचायला प्रत्यक्ष शिकवावे. सर्वसाधारण प्रमाण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढात जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धीच कुपी. गुण न आल्यास ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. कुपी उजेडापासून दूर ठेवावी, आतला द्रव तपकिरी झाला की बदलावी. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप असेल तर टेकून बसवावे, पण उठवून चालवू नये. भोवळ आलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये स्कूटरवर बसवून नेणे ही सगळ्यात सर्रास होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण कोसळलेल्या रक्तदाबात उभे केल्याने हृदयाकडे परतणारे रक्तच तुटते. बरे वाटले तरी रुग्णालयात जायचेच. काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते.

एवढी तयारी झाली की पोळ्याला हात घालावा, आणि तो ॲलर्जी असलेल्याने किंवा घरच्यांनी घालू नये. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे आणि पोळे वरच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर सोसायटीने दोरी-झुल्यासह माणूस द्यावा. बंद फ्लॅटच्या मालकाला कळवण्याचे कामही समितीचेच. काम संध्याकाळी उशिरा, बहुतेक माश्या पोळ्यावर परतल्यावर करतात. त्या वेळी खोलीतला दिवा बंद हवा, कारण बिथरलेल्या माश्या उजेडाकडे येतात. ॲलर्जी असलेला माणूस त्या दिवशी दुसऱ्या घरी असावा. दम्याचा त्रास असेल तर फवाऱ्याचा वासही त्याला नको. पोळे गेले तरी बाहेर राहिलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी जुन्या जागी घिरट्या घालतात, म्हणून ती खिडकी आणखी दोन दिवस बंद ठेवावी. देठाची जागा खरवडून पुसावी. त्यानंतर दर आठवड्याला छज्जे आणि एसीच्या मागची बाजू पाहिली, तर चार-पाच घरांचे, एक-दोन माश्यांचे नवे पोळे तेव्हाच हाती लागते. ते काढणे सोपे असते, पण तेही ॲलर्जी नसलेल्यानेच काढावे.

ॲलर्जी मात्र पोळे गेल्याने जात नाही. शेताच्या वाटेवर, बाजारात, कर्नाळ्याच्या चढावर दंश होऊ शकतोच, त्यामुळे कुपी-सिरिंजची पेटी माणसाबरोबर फिरली पाहिजे. ॲलर्जीतज्ज्ञाकडे तपासणी करून विषाचे अल्प प्रमाण वाढवत नेणारे उपचार घेता येतात; ते ३ ते ५ वर्षे चालतात आणि गांधिलीच्या बाबतीत बहुसंख्य रुग्णांना संरक्षण देतात. १९७८ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत शुद्ध विषाने हे संरक्षण मिळाले, तर सगळी माशी वाटून केलेला अर्क निव्वळ खोट्या औषधाइतकाच निघाला. म्हणून उपचार सुरू करताना अर्क कशाचा आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर तेही त्यांना सांगावे, कारण त्या गोळीमुळे ॲड्रेनालिनचा गुण कमी येऊ शकतो.