‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे नेमकं काय करायचं?

परवा एका लग्नात जुने सहकारी भेटले. हातात ताट, ताटात मसालेभात. खांद्यावर हात ठेवून त्यांनी आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाले, "कळलं मला. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका हं. निम्मा आजार टेन्शनचाच असतो." मी "हो हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मागे रांग खोळंबली होती आणि जिलबी संपत आली होती.

गेल्या चार वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे आणि तो कळला तेव्हाच हाडांपर्यंत पोचलेला होता. तो बरा होणार नाही, आटोक्यात ठेवता येतो. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं नुसतं निरुपयोगी नाही, थोडं घातकही आहे असं माझं मत झालंय. कारण त्यात एक छुपा आरोप असतो. तणावामुळे हा कर्करोग होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. तरी उद्या माझा पीएसए वाढला की मीच मनात म्हणणार, बघ, घेतलंस ना टेन्शन! म्हणजे आजार आहेच, वर नापास झाल्याची शरमही.

शिवाय या आजारातलं टेन्शन सगळं मनातून येतच नाही. काही इंजेक्शनातून येतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण मलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसतात. ते तोडलं की गाठी आक्रसतात हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं आणि त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. आजही उपचारांचा पाया तोच आहे, नवी औषधं त्यावर चढवलेली. वृषणं काढून टाकायची किंवा दर काही महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि स्वस्त पडते, म्हणून आपल्याकडे बरेच जण ती करून घेतात. मी इंजेक्शन निवडलं. कारण? भीती. ते सांगायला आता लाज वाटत नाही.

तर हे संप्रेरक बंद झालं की काय होतं? भर थंडीत अंगातून वाफ निघते आणि बनियन भिजतं. रात्री तीन-तीनदा जाग येते. पोट सुटतं, दंड सुकतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. शरीरसुखाची इच्छा कापूर उडावा तशी उडून जाते. आणि डोळ्यांत उगाच पाणी येतं. मी एकदा टीव्हीवर प्रेशर कुकरची जाहिरात बघून रडलो आहे. त्या कंपनीलाही एवढ्या परिणामाची अपेक्षा नसेल.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपण खचलो. कणखर नाही राहिलो. एका रात्री पंखा पाचवर ठेवून मी गच्च घामेजून बसलो होतो. ही शेजारी शाल पांघरून. शांतपणे म्हणाली, "अहो, मला सात वर्षं असंच होत होतं. तुम्ही म्हणायचात, काही नाही, मनाचे खेळ आहेत." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तिची पाळी जात होती तेव्हा मी ऑफिसातून येऊन ‘आज पुन्हा काय झालं’ असं विचारायचो, आणि ते कुठल्या सुरात, ते मला चांगलं आठवतंय. त्या रात्री तिने उठून ओला नॅपकिन आणून दिला. माझ्या तणावावर गेल्या चार वर्षांत झालेला सर्वांत मोठा उपचार कुठला असं कुणी विचारलं तर मी ही रात्र सांगेन. निदान हे खुळ नाही, रसायन आहे, एवढं कळलं. पुढे माझ्या डॉक्टरांना मी स्वतःहून सांगितलं की झोप नाही, रडू येतं. त्यांनी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. तोपर्यंत दर भेटीत सात मिनिटं आम्ही फक्त आकड्यांबद्दल बोलत होतो. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मनोविकारतज्ज्ञाने एक गोळी दिली, तिने मन थोडं स्थिरावलं आणि वाफाही कमी झाल्या. प्रत्येकाला ती चालेलच असं नाही. पण ‘मला काय वेड लागलंय?’ म्हणून मी दीड वर्ष घालवलं, ते मात्र फुकट गेलं.

आता आकड्यांबद्दल. पीएसए नावाची ही रक्ततपासणी म्हणजे आमच्या घरची दर तीन महिन्यांनी येणारी बोर्डाची परीक्षा. माझा सुरुवातीला १८० होता, तो ०.४ वर आला तेव्हा आम्ही आम्रखंड आणलं. मग ०.६ झाला आणि घरात सुतक. खरं तर एवढा फरक अनेकदा निरर्थक असतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून नेहमी एकाच ठिकाणी रक्त द्यावं. आणि एका आकड्यापेक्षा तो किती वेगाने दुप्पट होतोय याला महत्त्व. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी रिपोर्ट यायच्या संध्याकाळी मी फोन पालथा घालून ठेवतो आणि दर दहा मिनिटांनी सुलटा करतो. यावर एकच उपाय सापडलाय. रिपोर्ट आता मुलीच्या ईमेलवर जातो, ती दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर सांगते. झोपेपूर्वी आकडा नाही, हा घरातला कायदा.

पाठदुखीचंही तसंच. पूर्वी पाठ दुखली तर बाम चोळायचा. आता पाठ दुखली की थेट मणका दिसतो. इथे मी भीतीला सरसकट हाकलत नाही, तिला नेमून काम देतो. पाय लुळे पडायला लागले, बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, अगदी रात्रीसुद्धा, हॉस्पिटल गाठायचं. हे कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलंय. बाकीच्या दुखण्याला आठवडाभर वाट, मग फोन. कुठल्या दुखण्याला घाबरायचं हे ठरलं की उरलेली दुखणी जरा सुसह्य होतात.

आणि लपवाछपवी. आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की ‘बाहेर बोलू नका’, त्यातून हा असल्या जागेचा. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९८१ साली निवडून आल्यावर काही महिन्यांतच त्यांना हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं कळलं. आपल्या प्रकृतीचं पत्रक दर सहा महिन्यांनी काढण्याचं वचन त्यांनी देशाला दिलेलं, म्हणून खोटी पत्रकं निघत राहिली. १९९२ पर्यंत लोकांना पत्ता नव्हता. गृहस्थ सात-सात वर्षांच्या दोन्ही मुदती पुऱ्या करून १९९६ च्या जानेवारीत गेले. निदानानंतर चौदा वर्षं! त्या आकड्याने मला धीर दिला हे खरं. पण मी फ्रान्स चालवत नाही. मला पत्रकं लिहून देणारा डॉक्टरही नाही. सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत कुणाला काय सांगितलंय हे लक्षात ठेवणं मला आजारापेक्षा जड जायला लागलं. मग एका गणपतीत आरतीनंतर सांगून टाकलं. त्याची किंमतही मोजली: गोमूत्र, लिंबू, कुणाच्या तरी काकांना उतार पडलेला काढा, सगळं घरपोच आलं. पण पार्किंगमध्ये एकाने बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काका, मला पण रात्री चार वेळा उठावं लागतं, दाखवू का?" म्हटलं, दाखव. बहुतेक साधी वाढ असेल, पण दाखव.

राहिला ‘किती दिवस’ हा प्रश्न. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये वेगळाच, दुर्मीळ कर्करोग झाला. पुस्तकांत त्याच्या रुग्णांचं मध्यमान आयुष्य होतं आठ महिने. त्याने बसून विचार केला की मध्यमान म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले, आणि त्या जास्तीच्या बाजूची शेपटी चांगली लांब आहे. तो वीस वर्षं जगला आणि २००२ मध्ये दुसऱ्याच कर्करोगाने गेला. याला मी सकारात्मक विचार म्हणत नाही. हे गणित आहे, आणि मी जन्मभर बँकेत काढल्यामुळे मला ते पटतं. शेपटीत मी असेन की नसेन ते वेगळं.

रोज सकाळी पाऊण तास चालतो. थकवा आलाय म्हणून पडून राहिलं तर तो वाढतो, चाललं तर थोडा कमी होतो. उलटंच वाटतं, पण अनुभव आहे आणि डॉक्टरही तेच सांगतात. आठवड्यातून तीनदा पाण्याच्या लिटरभराच्या दोन बाटल्या उचलून दंडाचे व्यायाम, बायकोच्या देखरेखीखाली. ती मोजते आणि एखादा आकडा गाळते, म्हणजे मला जास्त करावं लागावं.

येत्या गुरुवारी रक्त द्यायचंय. गेल्या वेळी १.६ होता, म्हणजे चढतोय, आणि या खेपेला बहुधा नवी गोळी सुरू करण्याचं बोलणं होईल. टेन्शन आहे. मुलीला विचारलं, शुक्रवारी सकाळी लवकर उठशील ना? ती म्हणाली, "बाबा, चहा पिऊनच सांगणार."