कंगव्याचे दात

सिंथेसायझर हे नकली वाद्य आहे, असे आमच्या संगीत मंडळात नेहमी म्हटले जाते. म्हणणाऱ्यांना तरी दोष कसा द्यावा? स्नेहसंमेलनात त्या वाद्याचा उपयोग होतो तो एवढाच: 'बासरी' लिहिलेले बटण दाबले की बासरी, 'सतार' दाबले की सतार, आणि खाली तबल्याचा तयार ठेका. खरी बासरी वाजवणारा मुलगा श्रोत्यांत बसलेला असताना बासरीची नक्कल ऐकवली, तर लोक दुसरे काय म्हणणार? पण हा दोष वाद्याचा नसून बटणे दाबण्याच्या सवयीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते पटावे म्हणून कॉम्ब फिल्टरचे उदाहरण घेतो. (नुसते 'कोंब' लिहिले असते तर वाचक मटकीला मोड आणायला निघाला असता. हा इंग्रजीतला कॉम्ब, म्हणजे आपला कंगवा.) कृती अगदी साधी आहे. कोणताही आवाज घ्यावा, त्याचीच एक प्रत किंचित उशिरा सोडावी आणि दोन्ही एकत्र ऐकावे. हा उशीर ५ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतका असेल, तर सेकंदाला २००, ४००, ६०० कंपने असलेल्या लाटा एकमेकींना जोर देतात. १००, ३००, ५०० या ठिकाणी मात्र एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटात पडतो आणि तेवढा आवाज पुसला जातो. आलेख काढला तर सारख्या अंतरावर दात दिसतात, म्हणून हे नाव.

उशीर सावकाश कमीजास्त करत राहिले की हे दात सरकू लागतात आणि डोक्यावरून विमान गेल्यासारखा झोत ऐकू येतो. त्याला फ्लँजिंग म्हणतात. पुष्कळांना तो फार आवडतो. माझे कान दोन मिनिटांत विटतात.

खरी गंमत पुढे आहे. बाहेर आलेला आवाज पुन्हा त्याच उशिराच्या वाटेने आत सोडायचा, मात्र प्रत्येक फेरीला थोडा कमी करून. कमी केला नाही तर तो फुगत जाऊन किंचाळू लागतो. असे केले की दात टोकदार होतात. नळाला पाणी येण्याआधी येतो तसला नुसता सूंऽ सूंऽ आवाज, ज्याला स्वतःचा सूर म्हणून नाही, तो सुरात बोलू लागतो! ३.६ मिलिसेकंद उशीर ठेवला तर सुमारे काळी एकचा षड्ज मिळतो, आणि २.४ ठेवला की त्याचा पंचम. मी संगणकावरच्या फुकट मिळणाऱ्या सिंथेसायझरवर हे करून पाहिले. तिथे 'बासरी' किंवा 'सतार' असे बटण कुठेच नव्हते. १९८३ साली केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी अशाच फेऱ्यात गोंगाटाचा एक लहानसा तुकडा सोडला आणि दर फेरीला त्याची धार थोडी बोथट केली. त्यातून छेडलेल्या तारेचा आवाज निघाला. तारेतही याहून वेगळे काय घडते? कंप एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातो, परततो, स्वतःलाच भेटतो.

परत सोडलेला आवाज उलटा करून सोडला, तर सूर सप्तकभर खाली जातो व पोकळ होतो. शेतावरच्या पाइपचा हातभर तुकडा घेऊन तोंडावरून फुंकावे, मग दुसरे टोक तळहाताने बंद करून फुंकावे; नेमका हाच फरक ऐकू येतो. ह्यूगेन्स या डच शास्त्रज्ञाने तर १६९३ मध्येच हे टिपले होते. फ्रान्समधील शांतिई येथील बागेत कारंजाचा खळखळाट दगडी पायऱ्यांवरून परतताना त्याला त्यात एक सूर ऐकू आला. त्याने पायरीच्या रुंदीएवढी कागदाची नळी केली, तर तिचाही सूर तोच! तेव्हा वीज नव्हती, बटणे नव्हती. मग या आवाजाला नकली कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आमचे एक गायक मित्र यावर म्हणतात, "मग तंबोरा काढून दाखव." त्यांचे म्हणणे रास्त आहे. वर सांगितलेला फेरा ठरलेल्या लांबीचा असतो. तंबोऱ्याची तार रुंद, किंचित गोलसर घोडीवर कंपागणिक टेकते-सुटते, खाली सुताचा धागा असतो, आणि जवारी त्यातून येते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर लिहिले आहे. साध्या कॉम्ब फिल्टरमधून जवारी निघणार नाही, आणि ती काढण्याचा अट्टहासही मी करणार नाही. सुरात बोलणारा गोंगाट तंबोऱ्यात नाही. त्यासाठी कुणी तंबोऱ्याला कमी लेखत नाही.

'कला शाखेच्या मुलाला मिलिसेकंद कशाला हवेत?' असा प्रश्न मला दोनदा विचारण्यात आला. मला तो कळलाच नाही. गळ्यात श्रुती बसवणारा माणूस याहून बारीक हिशेब करत असतो. फक्त आकडे लिहीत नाही.

संगीत मंडळाकडे माझी मागणी लहान आहे. आपला सिंथेसायझर वर्षभर कपाटात कुलूपबंद असतो. येत्या संमेलनाच्या तालमी सुरू होण्याआधी एक शनिवार दुपार तो बाहेर काढावा, संगणक कक्षातला एक संगणक शेजारी ठेवावा, आणि त्या दुपारी एकही गाणे बसवू नये. पाइपचा तुकडा मी घरून आणीन.