गाव कोणतं?

गाडीतल्या, रस्ता दाखवणाऱ्या यंत्राने आम्हाला अडवलं ते गावाच्या प्रश्नावर. राज्य फ्लोरिडा, ते दादाने भरलं. मग शहर. आम्ही सगळे महिनाभर ‘ऑर्लँडोला जायचंय’ असंच म्हणत होतो, म्हणून त्याने ऑर्लँडो भरलं. पुढे रस्त्याचं नाव एकेक अक्षर दाबून लिहिलं, तर यंत्र म्हणालं, या गावात असा रस्ता नाही. पुन्हा भरलं, पुन्हा नाही. २००९ चा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगची सुटी, सकाळचे सात. मोटेलच्या दारात गाडी उभी. मागच्या सीटवर वहिनी, मी आणि अकरा वर्षांची भाची, पुढे दादाच्या शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे वडील, अण्णा.

अण्णा शांतपणे म्हणाले, “अरे, ती जमीन कुणाच्या शिवारात येते ते आधी बघ. बाजाराचं गाव एक असतं, शिवार दुसऱ्याचं असतं.”

त्यांचं बरोबर होतं. आम्ही निघालो होतो ते वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ऑर्लँडोच्या हद्दीत नाहीच. १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने खास कायदे करून त्या जमिनीसाठी एक स्वतंत्र जिल्हा केला आणि त्यात दोन छोटी शहरं वसवली, बे लेक आणि लेक ब्युना व्हिस्टा. कायमची वस्ती मूठभर माणसांची, पण कागदोपत्री शहरंच. किल्ल्याचं ते प्रसिद्ध उद्यान, मॅजिक किंग्डम, बे लेकच्या हद्दीत आहे आणि त्याचं टपाल लेक ब्युना व्हिस्टाच्या नावाने येतं. दादाने गाव बदललं आणि यंत्राने लगेच रस्ता आखून दिला.

अण्णांनी भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं भूकरमापक म्हणून काढली. दहिवडी, वडूज, पाटण. खांद्यावर साखळी घेतलेले दोन गडी आणि मागे टिपणवही घेतलेले अण्णा, हे चित्र माझ्या लहानपणाचं आहे. शंकू साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एकर. आमच्या घरात हे पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं.

तरीही, खरं सांगते, या सहलीत अण्णांना न्यावं की नाही यावर आम्ही भावंडं त्यांच्या माघारी बोललो होतो. एवढं चालणं, एवढी गर्दी, त्यांचे गुडघे. चाकाची खुर्ची भाड्याने घ्यावी का? ते ऐकणार नाहीत. एखाद्या बाकावर बसवून ठेवावं का? या विचाराची मला आज लाज वाटते, कारण पुढच्या तीन दिवसांत वाट दाखवली ती अण्णांनी.

याचं निमित्त झालं दुसरं एक यंत्र. दादा अटलांटाजवळच्या डोंगरांत भटकायला जातो, त्यासाठी घेतलेलं हातात मावणारं, पिवळ्या रंगाचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. त्यात आवाज नव्हता, रंगीत नकाशा नव्हता. आपली जागा अक्षांश-रेखांशांत दाखवायची, एखादी जागा नाव देऊन नोंदवून ठेवायची आणि त्या जागेकडे बाण दाखवायचा, एवढंच त्याचं काम. दादाने ते सहज अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “याला खुणा कुठल्या?”

मोजणीदाराचा प्रश्न होता तो. शेतात तिपाईवर प्लेन टेबल मांडून उभं राहिलं की आधी आपण कुठे उभे आहोत हे काढावं लागतं. त्यासाठी जागा ठाऊक असलेल्या तीन खुणा दिसायला हव्यात: देवळाचा कळस, डोंगरावरचा मनोरा, हद्दीचा दगड. तिन्हींकडून कागदावर रेघा ओढल्या की त्या जिथे मिळतात तिथे आपण. दादाने सांगितलं, “अण्णा, याच्या खुणा आकाशात आहेत.” सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे, किमान चोवीस उपग्रह. प्रत्येकात अणुघड्याळ. उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत कळवत राहतो, हातातलं यंत्र तो संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. जागेसाठी तीन उपग्रह पुरले असते, पण हातातलं घड्याळ साधं असतं, त्याची चूक काढायला चौथा लागतो.

चौथ्याचं कारण अण्णांना फार आवडलं. दादाने मग घड्याळांची आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे वर गुरुत्वाकर्षण कमी आणि उपग्रहांचा वेग जास्त, या दोन्हींचा मेळ घातला तर त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आईनस्टाईनच्या गणिताने ही चूक काढून टाकली नाही, तर एका दिवसात जागा दहाएक किलोमीटरनी चुकेल. अण्णा म्हणाले, “साखळीचंही तसंच. वापरून वापरून कड्या ताणतात, साखळी वाढते. प्रमाण मापाशी ताडून घेतली नाही, तर गावंच्या गावं चुकतात.” मी आयुष्यभर त्यांच्या तोंडून साखळीबद्दल ऐकत आले, पण हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

आता डिस्ने वर्ल्डचा आवाका. साठच्या दशकात वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून तिथे गुपचूप २७,००० एकरांहून जास्त जमीन घेतली. १९६५ च्या ऑक्टोबरात ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राने ते गुपित फोडलं. पुढच्या वर्षी वॉल्ट गेला, आणि १ ऑक्टोबर १९७१ ला उद्यान उघडलं ते त्याचा थोरला भाऊ रॉय याच्या देखरेखीखाली. आज तिथे सुमारे २५,००० एकर आहे, म्हणजे शंभर चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई त्यात मावून वर जागा उरेल. चार उद्याने, दोन जलउद्याने, वीसहून जास्त हॉटेलं. एका उद्यानातून दुसऱ्यात जायला गाडी, बस, मोनोरेल किंवा होडी लागते.

आणि रस्ते सरळ नाहीत. डॅशबोर्डवरचं यंत्र सारखं वळणं सांगत होतं. समोर डावीकडे उद्यानाची पाटी दिसावी आणि रस्ता उजवीकडे वळावा, असं चारदा झालं. वहिनीला वाटलं, यंत्र चुकतंय. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, “पाणथळ आहे ही. सरळ रस्ता काढला तर खचेल.” खरोखरच ती दलदलीची जमीन आहे. जवळजवळ एक तृतीयांश भाग आजही तसाच राखून ठेवलेला आहे, सायप्रसची झाडं आणि उभं पाणी. यंत्र रस्ता सांगत होतं, तो रस्ता तसा का आहे हे अण्णा सांगत होते. भाची दोघांचंही ऐकत होती.

मॅजिक किंग्डमचं वाहनतळ सुमारे बारा हजार गाड्यांचं. तेव्हा त्याच्या भागांना डिस्नेच्या पात्रांची नावं होती. आमची गाडी ‘गूफी’त लागली. वहिनीने रांगेचा आकडा तिकिटाच्या पाकिटावर लिहिला. अण्णा गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले, हातातलं यंत्र आकाशाकडे धरून. “थांबा जरा, खुणा येऊ देत.” मिनिटभराने त्यांनी जागा नोंदवली. तिला नाव काय द्यायचं, म्हणून भाचीने विचारलं. “गाडी,” अण्णा म्हणाले. देवनागरी नव्हती त्यात, रोमन अक्षरांतच लिहिलं.

उद्यानात शिरल्यावर अण्णांनी भराभर खुणा घेतल्या. मोठं दार. स्वच्छतागृह. सावलीतलं बाक. शाकाहारी जेवण मिळालं ती जागा. त्यांनी भाचीला शिकवलं की खूण उघड्यावर घ्यायची, छपराखाली किंवा दाट झाडीत यंत्राला वरचं दिसत नाही. आम्ही मोठ्या राइड्सवर बसायला जायचो, अण्णा म्हणायचे, “तुम्ही या जाऊन, मी बाकावर असेन,” आणि खरोखर त्या बाकावर असायचे. हरवण्याची भीती गेल्यामुळे ते मोकळे फिरत होते. एका रस्त्याला त्यांनी बुटाच्या टाचेने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, ही भरावाची जमीन आहे. दादा चकित झाला. समोरचं सेव्हन सीज लगून हे मोठं तळं खोदून काढलेलं आहे आणि त्यातल्या मातीने हे उद्यान उचललेलं आहे. खाली बोगदे आहेत, कामगार तिथून ये-जा करतात. आपण चालतो तो खरं तर वरचा मजला. हे दादाने वाचलं होतं, अण्णांनी ओळखलं होतं.

संध्याकाळी मोटेलवर अण्णा टिपण काढायचे. दादाच्या ऑफिसची चौकटीची वही, यंत्रातले अक्षांश-रेखांश, आणि पट्टी म्हणून मोटेलच्या खोलीचं कार्ड. वर उत्तर. पाण्याला आडव्या रेघा, रस्त्याला दुहेरी रेघ, बाकाला छोटा चौकोन. तिसऱ्या दिवशी भाचीने एपकॉट या दुसऱ्या उद्यानातलं तळं स्वतः काढलं. घरी मराठी बोलायला लावलं की कंटाळणारी ती मुलगी ‘बांध’, ‘हद्द’, ‘शिवार’ हे शब्द तोंडात घोळवत होती, कारण त्या वहीत त्या शब्दांशिवाय काम होत नव्हतं.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे, त्यात निळा ठिपका आहे. तो ठिपका सगळं आयतं देतो आणि म्हणून तो सहसा सगळ्यात तरुण माणसाच्या हातात असतो. म्हातारी माणसं मागून चालत राहतात, ‘अजून किती लांब?’ विचारत. दर उन्हाळ्यात कितीतरी मराठी आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात आणि त्यांतले बरेच ऑर्लँडोला जातात. त्यांच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नकाशा त्यांच्या हातात द्या. गाडीची जागा त्यांना नोंदवू द्या. परत भेटायची खूण त्यांना ठरवू द्या. आदल्या रात्री बसून वापरायचं कसं ते शिकवा, आणि सेल किंवा चार्जर त्यांच्याच पिशवीत ठेवा. वेळ लागेल, लागू द्या.

पहिल्या दिवसाची रात्र सांगायची राहिली. किल्ल्यावरची आतषबाजी संपली आणि हजारो माणसं एकाच वेळी दाराकडे निघाली. वहिनीने तिकिटाचं पाकीट शोधलं, ते कुठेतरी पडलं होतं. रांगेचा आकडा कुणालाच आठवेना. बारा हजार गाड्या, मिट्ट रात्र, भाची पेंगुळलेली. अण्णांनी यंत्र काढलं. किल्ल्यासमोरचा मोठा रस्ता सरळ दक्षिणेला जातो, बाणही दक्षिणेलाच होता. अंतर दोन किलोमीटरला थोडं कमी. आम्ही दारापर्यंत आलो, आणि बाण तळ्यात शिरला.

कारण ते उद्यान तसंच रचलेलं आहे. गाडी अलीकडच्या काठावर ठेवायची आणि पाणी ओलांडून किंवा मोनोरेलने वळसा घालून पलीकडे जायचं. गाड्यांचं, रस्त्यांचं रोजचं जग मागे पडावं म्हणून मध्ये तळं. मोनोरेलची रांग मोठी होती, आम्ही होडीच्या धक्क्यावर गेलो. लागली ती होडी ‘जनरल जो पॉटर’. दादाने सांगितलं, हा लष्करातला इंजिनिअर, पनामा कालव्याच्या प्रदेशाचा गव्हर्नर होता, त्याने इथे येऊन दलदलीतलं पाणी वळवायला पन्नासहून जास्त मैलांचे कालवे काढले. अण्णांनी कठड्यावरून वाकून ते नाव पुन्हा एकदा वाचलं. “पाणी काढणाऱ्याच्या नावाची होडी,” ते म्हणाले. “चांगलं केलं.”

मध्यावर गेल्यावर ते मागे वळले. उत्तरेला किल्ला उजळलेला, त्याच्या वर बरंच काळं आकाश, आणि त्यात एकच मंद तारा. अण्णांनी हात लांब केला आणि पाण्याच्या रेघेपासून मुठीवर मूठ ठेवत मोजलं. तीन मुठींना थोडं कमी. “साताऱ्यात ध्रुव पावणेदोन मुठींवर असतो,” त्यांनी नातीला सांगितलं. “ताणलेल्या हाताची मूठ दहा अंशांची. आता याच्यात बघ अक्षांश किती आहे.” तिने पिवळ्या यंत्राचा दिवा लावला. अठ्ठावीस पूर्णांक चार. मग तिनेही आपला छोटा हात लांब केला. तिच्याही मुठी तितक्याच भरल्या, कारण मूठ लहान तसा हातही लहान.

वाहनतळावरच्या ट्रॅमची वाट न बघता आम्ही चालत निघालो. २ मे २००० पर्यंत अमेरिकेचं लष्कर नागरी यंत्रांकडे येणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. त्या रात्री तसं असतं, तर आम्ही दहा-बारा रांगांमध्ये फिरत बसलो असतो. बाणाच्या मागे अण्णा, अण्णांच्या मागे नात, तिच्या मागे आम्ही तिघं. दिव्यांच्या खांबांमधून एक रांग, दुसरी रांग. मग अण्णा थांबले. समोर दादाची गाडी होती.

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, सकाळी टेकले होते तिथेच, आणि यंत्र डोळ्यांजवळ नेलं.

“सहा मीटर दाखवतंय अजून,” ते म्हणाले. “म्हणजे साडेनऊ आणे.” आणि खिशातून वही काढून, दिव्याखाली धरून, त्यांनी ते लिहून घेतलं.