बैठकांनी अंग का भरते?

तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद आधी बैठका मारावयास लावतात. दंड फुगविण्याच्या हौसेने आलेल्या पोराचा त्यामुळे विरस होतो. पण वस्तादांचा हिशेब पक्का असतो.

शरीरातील सर्वांत मोठे स्नायू कमरेखाली आहेत. नितंबाचा स्नायू, मांडीच्या पुढील चार स्नायूंचा जुडगा आणि मांडीच्या आतील बाजूचे स्नायू, हे सारे एका बैठकीत राबतात. खाली जाताना ते ताणलेल्या स्थितीत भार तोलतात, वर येताना आकुंचन पावून तो उचलतात. पाठीचे व पोटाचे स्नायू तेवढा वेळ धड ताठ धरून ठेवतात. आणि हा भार म्हणजे गुडघ्यांखालचा भाग वगळता आपले सारे शरीर! दंड चांगला भरला तरी एकूण मांसात भर थोडीच. मांडी किंचित भरली तरी वजनकाटा ते सांगतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बैठकांनी रक्तातील काही संप्रेरके वाढतात व त्यांच्या बळावर दंडही आपोआप भरतात, असे अनेक व्यायामशिक्षक सांगत आले. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 12 तरुणांकडून 15 आठवडे दोन्ही दंडांचा सारखाच व्यायाम करून घेतला. मात्र एका दंडाच्या व्यायामानंतर लगेच पायांचाही जड व्यायाम जोडला. संप्रेरके वाढली खरी, पण दोन्ही दंड सारखेच भरले. ज्या स्नायूने काम केले, तोच वाढतो. आपल्याकडे 'दंड-बैठका' हा शब्द जोडीनेच येतो, त्यातले शहाणपण आम्हांस येथे दिसते.

हजार बैठकांचे कौतुक आपल्याकडे फार. 1936 ते 1949 या काळात बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत निघाले, त्या परंपरेतल्या घरांत तर ते असणारच. परंतु संख्येने मुख्यतः दम वाढतो. मांस वाढावयाचे तर भार वाढविला पाहिजे. खांद्यावर वजन घ्यावे, आणि पंधरा-वीस बैठकांतच शेवटच्या दोन-तीन जड जाव्यात. जोडीला डाळ, दूध, दही, अंडी हवीतच. उपाशी पोटी केलेल्या बैठकांनी अंग भरत नाही.

तरुणांपेक्षाही हा विषय आम्हांस घरातील वडीलधाऱ्यांसाठी महत्त्वाचा वाटतो. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि पायांचे बळ सरले की माणूस परावलंबी होतो. आपल्या घरांतून पाट गेले, जेवणाचे टेबल आले; शौचालयेही बदलली. दिवसाकाठी सहज घडणाऱ्या उठबशा त्याबरोबर गेल्या. आजी-आजोबांनी भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. आठवड्यातून तीन दिवस आरंभास पुरे. श्वास रोखू नये. गुडघा सुजलेला असेल, किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. खुर्ची सोपी वाटू लागली की थोडे बुटके स्टूल घ्यावे.