पुस्तक महागले, वाचन महागू नये

मराठी पुस्तकाची किंमत आता शेकड्यांत गेली आहे. मध्यम आकाराची कादंबरी घ्यावयाची तरी तीन-चारशे रुपये मोजावे लागतात. घरखर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की ती पहिल्याने पुस्तकावर चालते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाने एखादे वर्ष पुस्तक घेतले नाही तरी मराठी त्याच्या कानावर व डोळ्यांवर पडतच राहते. सीमाभागातील मराठी माणसाची स्थिती तशी नाही. त्याच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत सारा सरकारी व्यवहार दुसऱ्या भाषेत चालतो. अशा ठिकाणी घरातले मराठी पुस्तक नाहीसे झाले, तर पुढच्या पिढीची मराठी बोलण्यापुरती उरेल आणि लिहिण्यावाचण्यातून उठेल.

आमच्या चळवळीने तरी पुस्तकाला चैनीची वस्तू मानता कामा नये. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावास जे साहित्य संमेलन भरले, त्यातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ही मागणी वाचणाऱ्या व लिहिणाऱ्या लोकांच्या मेळाव्यातून पुढे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या इच्छेविरुद्ध आम्हांस म्हैसूर राज्यात घालण्यात आले. २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. न्यायालयाचा निर्णय आमच्या हातात नाही. तो येईपर्यंत मराठी वाचणारी माणसे घडवीत राहणे मात्र सर्वस्वी आमच्या हातात आहे.

मग स्वस्तात वाचावे कसे? आमचे उत्तर असे की, पुस्तक एकट्याने विकत घेणे महाग आहे, दहाजणांनी मिळून घेणे महाग नाही. दहा घरांनी वर्षाकाठी तीनशे रुपयांचे एकेक पुस्तक घेऊन ते आपसांत फिरविले, तर प्रत्येक घराला तीनशे रुपयांत दहा पुस्तके वाचावयास मिळतात. दिवाळी अंकांचेही तसेच. गल्लीतल्या मंडळींनी प्रत्येकी एकच, पण वेगळा अंक घ्यावा आणि संक्रांतीपर्यंत तो सर्वांकडून फिरवून आणावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली निघाले ते याच व्यवहारी शहाणपणातून. आजोबांनी ज्याची वर्गणी चुकविली नाही, त्या वाचनालयाचा दरवाजा नातवाने पाहिलेला नसावा, ही गोष्ट भूषणावह नाही.

टपालाचाही हिशेब पाहावा. सवलतीचे नोंदणीकृत बुक-पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले आणि परगावाहून पुस्तके मागविणे जड झाले. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सोय सुरू झाली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये व पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर निराळा, असे तिचे आरंभीचे दर होते. पाव किलोची अठरा पुस्तके सुटी मागविली तर या दराने ३६० रुपये हशील पडते, एका गठ्ठ्यात मागविली तर १००. नियतकालिके या सवलतीत बसत नाहीत, पुस्तके बसतात.

शिवाय लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी यांचे लेखन त्यामुळे आज कोणासही छापता येते आणि त्याच्या स्वस्त आवृत्त्या निघतात. मराठी विश्वकोशाचे सर्व खंड संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी येथील साहित्य संमेलनांना जाणाऱ्यांनी केवळ भाषणे ऐकून परतू नये. घरासाठी एक तरी पुस्तक घेऊन परतावे.

काटकसरीबरोबर हक्काचाही विचार झाला पाहिजे. १९६५ च्या ग्रंथालय कायद्यान्वये या राज्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. मराठी घरमालकही तो भरतो. ज्या ग्रंथालयासाठी आम्ही पैसा देतो, तेथे आमच्या भाषेची नवी पुस्तके मागण्यात भीक कसली? कन्नड पुस्तकाशी आमचे वैर नाही. त्या कपाटाशेजारी आमचेही कपाट भरलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. वाचकांनी हव्या असलेल्या पुस्तकांच्या याद्या सह्यांनिशी ग्रंथपालांकडे द्याव्यात व पोच घ्यावी. लेखी मागणीच नसेल तर “मराठी वाचक येतो कोठे?” असे म्हणावयास अधिकारी मोकळे राहतात.

खेड्यांचा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. १९१० साली अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरविल्या. आमच्यापाशी संस्थानाचा खजिना नाही, पण गावोगाव तरुण मंडळे आहेत. प्रत्येक मंडळाने पंचवीस पुस्तकांची एक पेटी करावी, तीन महिन्यांनी ती शेजारच्या गावी द्यावी व तेथली आपण घ्यावी. चार गावे एकत्र आली की वर्षभरात प्रत्येक गावापुढे शंभर पुस्तके येतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात दर्जा दिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. ते योग्यच झाले. परंतु भाषेचा मान जसा सरकारी निर्णयाने वाढतो, तसा तो सायंकाळी कंदील असो की वीज, उजेडात पुस्तक उघडून बसणाऱ्या मुलाने टिकतो. या महिन्यात प्रत्येक मराठी घराने वाचनालयाची एक वर्गणी भरावी आणि वाचून झालेले एक पुस्तक शेजाऱ्याच्या हाती द्यावे, अशी आमची सीमावासीय बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.