बंद पडलं नाही, बंद केलं

मराठीत ‘बंद पडणं’ आणि ‘बंद करणं’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, पण आपण सगळीकडे पहिलंच वापरतो. गिरण्या बंद पडल्या. मासिक बंद पडलं. गावाकडची एसटीची फेरी बंद पडली. जणू पावसात जुनी भिंत कोसळावी तसं सगळं आपोआप झालं. कुणी पाडलं, हे विचारायची सोयच वाक्यात ठेवलेली नसते. ‘ग्रँटलंड’बद्दलही मी गेली दहा वर्षं हेच ऐकतो आहे. छान होतं हो, पण शेवटी चाललं नाही, बंद पडलं.

ते पडलं नाही. शुक्रवार, ३० ऑक्टोबर २०१५ या दिवशी ईएसपीएन या कंपनीने ते बंद केलं. निवेदनात मात्र ‘बंद’ हा शब्द टाळला होता. प्रकाशन तात्काळ ‘स्थगित’ करतो आहोत, असं म्हटलं होतं. आमची शक्ती यापुढे अधिक व्यापक परिणाम साधणाऱ्या प्रकल्पांकडे वळवू, अशी पुस्तीही होती. आपल्याकडे दिवाळी अंकांचा मोसम होता. टेबलावर नुकतेच आणलेले दोन अंक पडले होते आणि मी ते निवेदन पुन्हा पुन्हा वाचत होतो. स्थगित म्हणे! सभा स्थगित होते, सामना स्थगित होतो. त्यांची पुढची तारीख तरी असते.

ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २०११मध्ये बिल सिमन्स या क्रीडालेखकाने ईएसपीएनच्याच पैशांवर हे संकेतस्थळ सुरू केलं. ग्रँटलंड राइस या जुन्या अमेरिकन क्रीडालेखकाचं नाव त्याला दिलं. विषय दोन, खेळ आणि संस्कृती. पण हे दोन विषय तिथे शेजारी नव्हते, एकाच घरात राहत होते. झॅक लो बास्केटबॉलच्या डावपेचांची चिरफाड करायचा आणि तितक्याच गांभीर्याने संघांच्या बोधचिन्हांवर आणि मैदानांच्या रंगसंगतीवर लिहायचा. समीक्षेसाठी पुलित्झर मिळालेला वेस्ली मॉरिस चित्रपटांवर लिहायचा आणि खेळाडू सामन्याला येताना काय कपडे घालतात यावरही. त्यातून वंश, पैसा, पुरुषपण असं काय काय बाहेर यायचं. मार्च २०१५मध्ये सेल्माच्या मोर्चाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा रेम्बर्ट ब्राउनने तिकडे जाणाऱ्या विमानात राष्ट्राध्यक्ष ओबामांची मुलाखत घेतली. एका ‘स्पोर्ट्स साइट’च्या पोराने!

आणि ब्रायन फिलिप्सचा सूमोवरचा लेख. तो जपानला गेला हाकुहो या महान मल्लाची स्पर्धा पाहायला. लेख सुरू होतो आखाड्यात, आणि वाचता वाचता आपण येऊन पोचतो १९७०मध्ये, युकिओ मिशिमाच्या आत्महत्येपाशी. त्या दिवशी मिशिमासोबत असलेला आणि आता म्हातारा झालेला एक माणूस शोधायला लेखक निघतो. हे खेळाच्या पानावर छापायचं की रविवारच्या पुरवणीत? आपल्या वर्तमानपत्रांत याला जागाच नाही. मागचं पान खेळाचं, तिथे धावा आणि दुखापती. पुरवणी साहित्याची, तिथे मैदानावरचा घाम चालत नाही. कोल्हापूरच्या तालमीत कुस्ती आणि संस्कृती यांच्यात भिंत नसते. ती फक्त आमच्या संपादकांच्या डोक्यात असते.

उगाच आरती ओवाळायची नाही. जानेवारी २०१४मध्ये याच ग्रँटलंडने एक अक्षम्य लेख छापला. गोल्फची काठी बनवणाऱ्या एका स्त्रीचं ट्रान्स असणं, जे तिने लपवलं होतं, ते लेखात उघड केलं. लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच तिने आत्महत्या केली होती, तरीही छापला. एकाही संपादकाला थांबावंसं वाटलं नाही. नंतर सिमन्सने स्वतःच्या नावाने दीर्घ माफी मागितली आणि त्याच संकेतस्थळावर लेखाचे वाभाडे काढणारा दुसरा लेख छापला. मेलेल्या बाईला त्याचा उपयोग शून्य. मी हे सांगतो आहे कारण बंद करणाऱ्यांनी हे कारण दिलं नव्हतं. दिलं असतं तर निदान वाद घालता आला असता.

कारण सांगितलं जातं ते पैशांचं. ठीक, पैशांचंच बोलू. तेव्हा ईएसपीएनची ८० टक्के मालकी डिस्नेकडे होती, उरलेली हर्स्टकडे. २०११मध्ये या कंपनीने अमेरिकन फुटबॉलच्या सोमवारच्या सामन्यांसाठी आठ वर्षांचा करार केला, सुमारे १५ अब्ज डॉलरचा. २०१४मध्ये ती आणि टर्नर यांनी मिळून बास्केटबॉलचे हक्क नऊ वर्षांसाठी २४ अब्जांना घेतले. मग लोक केबल तोडू लागले. ऑगस्ट २०१५मध्ये डिस्नेच्या प्रमुखाने वर्गणीदार कमी होत असल्याची कबुली दिली आणि शेअर घसरला. २१ ऑक्टोबरला ईएसपीएनने तीनशेच्या आसपास लोकांना घरी पाठवलं. त्यानंतर नऊ दिवसांनी ग्रँटलंड. जिथे अब्जांचे हिशेब चुकले तिथे काही डझन लेखक-संपादकांच्या पगाराने कोणतं भगदाड बुजणार होतं? घराचं कर्ज फिटत नाही म्हणून वाण्याच्या बिलातली खडीसाखर कापायची, त्यातला प्रकार.

शिवाय त्याआधीचंही आहे. सप्टेंबर २०१४मध्ये सिमन्सने फुटबॉल लीगच्या आयुक्ताला खोटारडा म्हटलं, तेव्हा ईएसपीएनने त्याला तीन आठवडे निलंबित केलं. ज्या लीगला ही कंपनी अब्जावधी मोजते, तिचा आयुक्त! मे २०१५मध्ये सिमन्सचा करार वाढवणार नसल्याचं कंपनीच्या अध्यक्षाने वर्तमानपत्राला सांगून टाकलं. ग्रँटलंड त्यानंतर पाच-सहा महिने उभं होतं एवढंच. बंद करतानाच्या निवेदनातही एक बारीक गोष्ट आहे. खेळावरच्या दीर्घलेखनाची परंपरा आमच्या इतर मंचांवर चालू राहील, असं आश्वासन होतं. संस्कृतीचा उल्लेख नव्हता. म्हणजे जी भिंत चार वर्षांपूर्वी पाडली होती, ती जाता जाता पुन्हा बांधली.

आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. ज्या क्रिकइन्फोवर आपण ऑफिसात चोरून स्कोअर बघत आलो, ते २००७मध्ये याच ईएसपीएनने विकत घेतलं. गल्ला एकच.

‘चांगलं लिखाण खपत नाही’ हे वाक्य मला म्हणूनच खोटं वाटतं. ते विकायला ठेवलंच कधी? चार वर्षांत माझ्याकडून ग्रँटलंडने एक पैसा मागितला नाही. मी फुकट वाचलं आणि बंद झाल्यावर फुकट संतापलो. मालकाच्या औदार्यावर चालणारी गोष्ट मालकाच्या कंटाळ्यावर संपते. २०१९मध्ये ‘डेडस्पिन’चं तेच झालं. नव्या मालकांनी फक्त खेळावरच लिहा असा हुकूम काढला, न ऐकणाऱ्या संपादकाला काढलं, आणि काही दिवसांत सगळ्या लेखकांनी राजीनामे दिले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘डिफेक्टर’ काढलं, स्वतःच्या मालकीचं. पहिल्याच वर्षी त्यांनी तीस लाख डॉलरांच्या वर महसूल मिळवला, जवळजवळ सगळा वाचकांच्या वर्गणीतून. तेच लेखक, तोच खोडसाळपणा, खेळ आणि राजकारणाची तीच सरमिसळ. बदलला होता फक्त मालक.

मराठीत कोण पैसे देणार, हा प्रश्न मला पाठ आहे. पण दर ऑक्टोबरला तीनशे-चारशे रुपयांचे दिवाळी अंक कोण घेतं? त्यातले निम्मे लेख दहा पानांच्या वरचे असतात.

काही वर्षांपूर्वी एका मराठी पोर्टलसाठी मी एका तालमीवर लिहिलं होतं. चार खेपा, बसचे पैसे खिशातले. वस्तादांनी सकाळी साडेचारला बोलावलं होतं आणि मी पाचला पोचलो म्हणून पहिल्या दिवशी बोललेच नाहीत. पोर्टलच्या मालकाचा मूळ धंदा वेगळा होता. तो मंदावला तेव्हा आम्हा लिहिणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप आला. आम्ही वर्गणी काढून बघू का, असं आमच्यातल्या एकीने विचारलं, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात सगळे जुने लेखही गेले. ग्रँटलंडचं संग्रहण निदान मागे ठेवलं होतं. इथे तेवढंही नाही. मजकूर माझ्याकडे आहे, फोटो त्यांच्याकडे होते. निरोपात लिहिलं होतं, ‘सध्या थांबवतोय.’