डोक्याला मार : पहिली नोंद पहिल्याच दवाखान्यात हवी



खान्देशातील पारोळा, एरंडोल, नशिराबाद, शिरपूर. महामार्गावर दुचाकी घसरते. माणूस उठून बसतो, बोलतो, घरचा फोन नंबरही सांगतो. 'मुका मार आहे, झोपू द्या' म्हणून आपण त्याला घरी नेतो. कवटीच्या आत रक्त साचत असेल, तर काही तासांतच तो हाक मारूनही उठत नाही. मग या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, तिथून जळगाव नाहीतर धुळे. चिठ्ठीवर मार किती वाजता लागला, तेव्हा शुद्ध कितपत होती, हेच नसेल तर पुढच्या डॉक्टरने अंदाज कशावर बांधायचा?

शुद्ध मोजता येते. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 मध्ये तिची मोजपट्टी दिली. रुग्ण डोळे कशाने उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, यावर 3 ते 15 गुण. 8 किंवा कमी म्हणजे इजा गंभीर. यंत्र लागत नाही, कागद-पेन पुरतं. मात्र एकदा मोजून भागत नाही. एरंडोलला 14 गुण असलेला रुग्ण जळगावला पोहोचेपर्यंत 11 वर आला, तर आत काहीतरी वाढतंय हे सर्जनला दारातच कळतं. एरंडोलचा आकडा लिहिलेलाच नसेल, तर कळत नाही.

म्हणून जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत, दवाखाना सरकारी असो की खासगी, एकच तक्ता हवा: इजेची वेळ, शुद्धीचे गुण पुन्हा पुन्हा, डोळ्यांच्या बाहुल्या, रक्तदाब, ऑक्सिजन, सीटी स्कॅनची वेळ. रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरला की दुखावलेल्या मेंदूची आणखी हानी होते. रुग्ण पुढच्या दवाखान्यात पाठवण्याआधी तिथे फोनही गेलाच पाहिजे.

आपल्याकडूनही काही हवं. 108 ला फोन करा, मान हलवू नका, बेशुद्धाला पाणी पाजू नका, घड्याळ पाहून वेळ लिहा. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका. मोटार वाहन कायद्यातली 2019 ची दुरुस्ती मदत करणाऱ्याला संरक्षण देते. पोलीस येईपर्यंत उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं आहे.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. यातली जी ग्रामसभा आधी येईल, तिच्यात या तक्त्याचा ठराव मांडा. तो जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या आणि पुढच्या सभेत उत्तर काय आलं ते विचारा.